सीपॅप लावते, तरी झोप नाही!

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

वय ५७, राहणं कर्वेनगरला, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. घोरणं, सकाळी जड डोकं आणि गोळ्या घेऊनही न उतरणारं ब्लडप्रेशर, म्हणून गेल्या पावसाळ्यात घरच्या घरी झोपेची तपासणी झाली. एएचआय, म्हणजे तासाला सरासरी किती वेळा श्वास अडकतो किंवा उथळ होतो तो आकडा, ३४ आला. डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा सोडून झोपेत घसा उघडा ठेवणारं मशीन, लिहून दिलं. विक्रेत्याचा माणूस घरी येऊन ऑटो मशीन आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क देऊन गेला. त्यानंतर डॉक्टरांकडे जाणं झालेलं नाही.

आता मशीनच्या पडद्यावर एएचआय ३.८ दिसतो, शेजारी हिरवा हसरा चेहरा. प्रत्यक्षात या बाई साडेनऊला पाठ टेकतात, साडेदहाला मास्क लावतात आणि साडेअकरापर्यंत टक्क जाग्या असतात. जेमतेम डोळा लागतो तो अडीचला उघडतो. तोंडाला कोरड, पोट गच्च, थंडी पडल्यापासून नळीत पाण्याची गुडगुड. मग कधी स्वतःच मास्क काढून ठेवतात, कधी तो सकाळी उशीशेजारी सापडतो आणि केव्हा काढला ते आठवतही नाही. साडेतीनच्या पुढे परत झोप लागते ती मास्कशिवाय. मशीनच्या हिशेबात रोजचा वापर सरासरी तीन तास चाळीस मिनिटं. दुपारी जेवणानंतर मात्र दीड तास छान झोप होते, अर्थात मास्क न लावता. यजमान हॉलमध्ये झोपायला गेले आहेत. नातू म्हणतो, ‘आजी, तू गणपती झालीस.’ विक्रेत्याचा माणूस फोनवर म्हणाला, प्रेशर वाढवून देतो. नणंद म्हणते, हे थोतांड फेकून दे, एकदा सवय लागली की सुटायची नाही, त्यापेक्षा प्राणायाम कर, शंख फुंक. अधूनमधून यजमानांच्या झोपेच्या गोळीतली पाव गोळी घेतात. परवा नातवाला क्लासला सोडायला जाताना राजाराम पुलाजवळच्या सिग्नलला, स्कूटरवर बसल्या बसल्या, क्षणभर डोळा लागल्यासारखं झालं.

त्यांचा प्रश्न: मशीन बंद करू, की प्रेशर वाढवून घेऊ?

ताई,

राजाराम पुलाची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिली आहे. मी उत्तराची सुरुवात तिथूनच करते. दिवसा अशी डुलकी येते आहे तोवर स्कूटर बंद. नातू मागे असो वा नसो. रिक्षा करा, यजमानांना सांगा, आठवडाभर क्लास बुडाला तरी चालेल. झोपेचे बाकीचे प्रश्न सोडवायला चार-सहा आठवडे हाताशी आहेत. हा प्रश्न तेवढा थांबणारा नाही.

आता तुमचा प्रश्न. बंद करू की वाढवू, असं तुम्ही विचारता, तेव्हा एक गोष्ट गृहीत धरलेली असते: मशीन त्याचं काम पूर्ण करतं आहे, आकडा हिरवा आहे, तरी मला बरं वाटत नाही, म्हणजे एकतर ते मला मानवत नाही किंवा कमी पडतं आहे. हे गृहीतकच जरा तपासून बघू.

पडद्यावरचा ३.८ हा आकडा खोटा नाही, पण तो फक्त मास्क तोंडावर असतानाच्या वेळेचा आहे. मास्क उशीशेजारी पडला की मशीनचं मोजणं थांबतं. तुमचं श्वास अडकणं थांबत नाही. ढोबळ हिशेब करा. साडेअकरा ते अडीच, तीन तास मास्कसह, तेव्हा तासाला चारच्या आत. साडेतीनपासून उठेपर्यंत आणखी सुमारे तीन तास मास्कशिवाय, तेव्हा तुमचा मूळचा ३४. रात्रभराची सरासरी निघते एकोणीसच्या आसपास. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि त्यापुढे तीव्र, अशी ढोबळ वर्गवारी असते. म्हणजे हसरा चेहरा बघून झोपणाऱ्या ताईंना अजून मध्यम दर्जाचा स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, आहे! त्यात भर अशी, की स्वप्नांची झोप, जिला डॉक्टर रेम म्हणतात, ती रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. त्या झोपेत घशाचे स्नायू सर्वांत सैल पडतात आणि बहुतेकांचा ॲप्निया तेव्हाच बळावतो. तुम्ही मास्क नेमका त्याच वेळी काढता. सकाळचं जड डोकं आणि दुपारची पेंग तिथून येत असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते.

तेव्हा मशीन बंद करण्याचा विचार सध्या बाजूला ठेवा. अजून त्याला पुरती संधीच मिळालेली नाही. खरा प्रश्न असा आहे, की अडीच वाजता असं काय होतं, ज्यामुळे मास्क निघतो?

तुम्ही दिलेल्या खुणा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. तोंडाला कोरड पडते, म्हणजे बहुधा झोपेत तोंड उघडतं आणि हवा तिथून वाहत राहते किंवा मास्कच्या कडेने निसटते. ऑटो मशीन अडथळा दिसला की प्रेशर चढवतं, आणि गळती मोठी असली की त्याचा अंदाजही चुकू शकतो. प्रेशर चढलं की मास्क आणखी उचलला जातो, गळती वाढते, थोडी हवा अन्ननलिकेत शिरते आणि पोट गच्च होतं. अशा वेळी बघायचं काय, तर प्रेशरची हद्द. कारखान्यातून बरीच मशीन्स ४ ते २० (हा दाब सेंटिमीटर पाण्यात मोजतात) अशी सैल हद्द ठेवून येतात आणि कित्येकांच्या घरी वर्षानुवर्षं तशीच चालतात. ४ वर हवा अपुरी वाटून गुदमरल्यासारखं होतं आणि मध्यरात्री १५-१६ वर गेलं की वादळ सुटतं. दोन्हीकडून जागच. म्हणून फोनवरून ‘वाढवून देतो’ म्हणणाऱ्या माणसाला तूर्त नम्रपणे नाही म्हणा. तो वाईट हेतूने म्हणत नाही, पण रिपोर्ट न बघता वाढवलेलं प्रेशर तुमची गळती आणि तुमचा गॅस, दोन्ही वाढवील.

आणखी एक कारण आहे. मशीन श्वास थांबण्याचे प्रकार वेगवेगळे नोंदवतं. घसा मिटल्यामुळे थांबलेला श्वास वेगळा आणि घसा उघडा असूनही मेंदूने हुकूमच न दिल्यामुळे थांबलेला वेगळा. दुसरा प्रकार सीपॅप सुरू केल्यावर काहींना नव्याने दिसतो. तो बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप निवळतो, पण त्यात प्रेशर वाढवलं तर उलटा परिणाम होऊ शकतो. हे पडद्यावरच्या एका आकड्यात कळत नाही. त्यासाठी सविस्तर रिपोर्ट लागतो.

तो मिळवणं अवघड नाही. बहुतेक मशीनच्या बाजूला एका झडपेखाली मेमरी कार्ड असतं, किंवा मशीन मोबाइलच्या ॲपशी जोडता येतं. डॉक्टर किंवा स्लीप लॅबवाले ते कार्ड वाचतात. घरात कुणी संगणकात रमणारं असेल तर ऑस्कर नावाचं मोफत सॉफ्टवेअर बऱ्याच मशीनचं कार्ड उघडून दाखवतं, रात्रीच्या कुठल्या मिनिटाला काय झालं ते आलेखात दिसतं. (सेटिंग मात्र त्यावरून स्वतः बदलत बसू नका. आपल्याकडे भाचे-पुतणे फार हुशार असतात.) बघायच्या गोष्टी मोजक्या: वापराचे तास, श्वास थांबण्याचे प्रकार, गळती, आणि ९५ टक्के वेळ प्रेशर ज्याच्या आत राहिलं तो आकडा. त्या शेवटच्या आकड्यावरून डॉक्टर खालची आणि वरची हद्द आवळून देऊ शकतात. गळतीच्या आकड्याबाबत एक सावधगिरी. काही मशीन्स फक्त नको असलेली गळती दाखवतात, त्यांत साधारण मिनिटाला २४ लिटरच्या पुढे गेलं की जास्त समजतात. काही मशीन्स मास्कच्या भोकांतून मुद्दाम सोडलेली हवाही त्यात धरतात, त्यामुळे त्यांचा आकडा मुळातच मोठा. शेजाऱ्यांच्या मशीनशी तुलना करण्यात अर्थ नाही.

आणि हो, ती मास्कवरची भोकं कापूस किंवा चिकटपट्टी लावून बुजवायची नाहीत. वारा अंगावर येतो म्हणून लोक तसं करतात. आपण सोडलेला श्वास बाहेर जायची वाट तीच असते.

मास्कबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते तुमचं अर्धं दुखणं तिथे आहे. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये या उपचाराबद्दल पहिल्यांदा लिहिलं. त्या सुरुवातीच्या काळात रुग्णांच्या नाकाच्या मापाचा मास्क बनवून तो दर रात्री चिकटवावा लागे. मास्क नीट बसणं हा तेव्हापासूनचा झगडा आहे, तुमची अडचण जगावेगळी नाही. ‘तुम्ही तोंडाने श्वास घेता, म्हणून मोठा मास्क’ हा सल्ला ऐकायला सरळ वाटतो. पण मोठ्या मास्कची कड लांब, म्हणून निसटायला जागाही जास्त. शिवाय त्यात हनुवटी मागे ढकलली जाऊ शकते, आणि पुष्कळदा नाकावरच्या मास्कपेक्षा जास्त प्रेशर लागतं. नाक मोकळं असेल तर फक्त नाकावरचा किंवा नाकपुड्यांशी टेकणारा छोटा मास्क अनेकांना सोसतो, आणि नवल म्हणजे नाकातून हवा नीट मिळाली की काहींचं तोंड आपोआप मिटतं. नाहीतर हनुवटीचा पट्टा आहे. तोंडावर टेप लावायची टूम मोबाइलवर फिरते आहे, ती मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि नाक चोंदलेलं असताना तर मुळीच नको.

मास्क बदलायच्या आधी आहे तो नीट बसतो का, ते बघा. त्याची पद्धत अशी. दिवसाउजेडी, पलंगावर आडव्या होऊन, मशीन चालू करून पट्टे बसवायचे. उभं राहून आरशासमोर नाही. आडवं झालं की गाल आणि हनुवटी सरकतात आणि उभ्याने बसवलेला मास्क रात्री फसवतो. मास्क चेहऱ्यापासून किंचित पुढे ओढून परत टेकू द्या, म्हणजे सिलिकॉनची कड हवेने फुगून नीट बसते. मग या कुशीवर, त्या कुशीवर होऊन बघा. डोळ्यांत फुंकर येते का? येत असेल तर खालचे नाही, वरचे पट्टे तपासा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. आपला हात आपसूक आवळण्याकडे जातो, पण आवळलं की कड दुमडते आणि गळती वाढते. सकाळी नाकाच्या हाडावर लाल वळ राहत असेल तर पट्टा जास्त आवळलाय किंवा माप चुकलंय. हिवाळ्यात आणखी एक होतं. रात्री कोल्ड क्रीम चोपडून झोपायची आपली सवय. त्या तेलकट गालावर सिलिकॉन टिकत नाही. क्रीम सकाळी लावा, रात्री साध्या पाण्याने तोंड धुऊन पुसून मग मास्क. मास्कची कडही रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायची. नळी आणि पाण्याची टाकी आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि सौम्य साबण घालून धुवायची, सावलीत वाळवायची. बाजारात ओझोनने स्वच्छ करणारी यंत्रं मिळतात, ती घेऊ नका. फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतला फोम झिजण्याच्या कारणावरून आपली लाखो जुनी मशीन्स परत मागवली, तेव्हा ओझोनमुळे ती झीज वाढते असं सांगितलं गेलं होतं. कुणी ‘ओळखीतलं, कमी वापरलेलं’ मशीन स्वस्तात घेत असेल तर त्या काळातलं तर नाही ना, हे मॉडेल नंबरावरून नक्की बघावं.

नाकाचं काय? पत्रात नाकाबद्दल एक अक्षर नाही, आणि पुण्यात राहून नाकाची तक्रार नसणं म्हणजे भाग्यच म्हणायचं. ॲलर्जी उठवणाऱ्या गाजरगवताची आपल्या देशातली पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली. त्यात आता चहूकडे चाललेल्या बांधकामांची धूळ. पहाटे शिंका, रात्री एक नाकपुडी बंद, असं असेल तर आधी नाकाचा इलाज. मिठाच्या पाण्याने नाक धुणं चांगलं, फक्त पाणी उकळून गार केलेलं हवं. ॲलर्जीचा स्प्रे डॉक्टर देतील. दुकानातून आणलेले नाक झटकन मोकळं करणारे थेंब मात्र तीन-चार दिवसांच्या पुढे वापरू नका, नंतर त्यांच्यामुळेच नाक जास्त चोंदतं. आणि झोपताना नाकात तुपाचे किंवा तेलाचे थेंब घालत असाल तर मास्क लावण्याआधी ते नकोत. मास्क तर घसरतोच, शिवाय तो स्निग्धांश हवेच्या झोताबरोबर आत छातीत जायला नको.

गुडगुडीचं कोडं सोपं आहे. तुमच्याच पत्रात उत्तर आहे: थंडी पडल्यापासून. मशीनमधून ऊबदार, दमट हवा निघते आणि जानेवारीतल्या पुण्याच्या गारठ्यात नळी गार पडलेली असते. भाताच्या झाकणाला आतून पाणी सुटतं ना, तसं नळीत सुटतं. ते मास्कपर्यंत आलं की नाकावर शिंतोडा, आणि जाग. ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट करणारी सोय, एक-दोन अंकांनी उतरवा. मशीन पलंगापेक्षा खाली, स्टुलावर ठेवा, म्हणजे पाणी परत टाकीकडे ओघळेल. नळी पांघरुणाच्या आतून घ्या किंवा तिला जुन्या लोकरीच्या मफलरचं आवरण शिवा. खिडकीची फट आणि पंखा थेट नळीवर नको. आतून तापणारी नळीही काही मशीनना बसते, पण आधी मफलर करून बघा, फुकट आहे. उतरवल्यावर तोंड जास्तच कोरडं पडायला लागलं तर एक अंक परत चढवा. टाकीत डिस्टिल्ड वॉटर सर्वांत बरं. एखाद्या रात्री संपलं तर आरओचं चालेल, रोज नको. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून द्यायचं.

पोट फुगण्यावर उपाय म्हणून प्रेशरची हद्द आणि श्वास सोडताना प्रेशर किंचित कमी करणारी सोय डॉक्टर बघतील. तुमच्या हातात आहे ते जेवणाचं वेळापत्रक. जेवून लगेच आडवं होणं काही बरोबर नाही, मध्ये अडीच-तीन तास हवेत. डाव्या कुशीवर झोपा, पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच करा. ॲसिडिटी असेल तर तीही डॉक्टरांना सांगा.

इथपर्यंत झालं मशीनचं. पण ताई, हे सगळं जमलं तरी तुमची झोप पूर्ण सुधारेल असं मला वाटत नाही. सीपॅप घसा उघडा ठेवतं. झोपवणं हे त्याचं काम नाही. साडेनऊला पडून साडेअकरापर्यंत टक्क जागं राहणं, अडीचला उठून तासभर तळमळणं, हा निद्रानाश आहे, आणि ॲप्निया व निद्रानाश एकाच माणसाला असणं अगदी सर्रास आहे. बायकांमध्ये तर पाळी गेल्यानंतर दोन्ही हातात हात घालून येतात. ‘वयोमानाने झोप कमी होते’ म्हणून सोडून दिलेल्या किती जणींना प्रत्यक्षात हे दोन्ही असतं!

आणि त्याला खतपाणी कुठून मिळतं, ते आपण पुणेकरांना वेगळं सांगायला नको. दुपारची झोप! एक ते चार ही आपली पवित्र वेळ, तिच्यावर घाला घालताना माझाही हात थरथरतो. पण दीड तासाच्या त्या झोपेत दोन नुकसानं आहेत. ती मास्कशिवाय आहे, म्हणजे पुन्हा श्वास अडकणारीच, आणि रात्रीसाठी साठलेली झोपेची भूक ती खाऊन टाकते. महिनाभर ती बंद करून बघा. अगदीच कोलमडायला झालं तर तीनच्या आत, वीस मिनिटं, गजर लावून आणि मास्क लावून.

दुसरं, साडेनऊला पलंगावर जाणं सोडा. आठ तास भरायला हवेत म्हणून लवकर पडायचं, ही समजूत फार जणांची असते. होतं असं, की शरीर शिकतं: पलंग म्हणजे जागं पडायची जागा, आणि मास्क म्हणजे जागं पडायचा पोशाख. तुमची खरी झोप सध्या सहा तासांची आहे, तर पलंगावरचा वेळ साडेसहा तास ठेवा. साडेअकरा ते सहा, रोज, रविवारीसुद्धा. साडेअकराच्या आधी हॉलमध्ये बसा, विणा, वाचा. झोप येऊ लागली की पलंगावर जा आणि लगेच मास्क. पंधरा-वीस मिनिटं झोप येत नाही असं वाटलं तर घड्याळ न बघता मास्क काढून उठा, मंद दिव्यात बसा, पेंग आली की परत मास्कसह आडव्या व्हा. अडीचलाही हेच. झोप सलग व्हायला लागली की दर आठवड्याला पंधरा मिनिटं लवकर पडायचं. पहिले आठ-दहा दिवस पेंग वाढते, स्कूटर बंद ठेवायचं हे दुसरं कारण. निद्रानाशावरच्या या वर्तनोपचाराला सीबीटी-आय म्हणतात, आणि जुनाट निद्रानाशात गोळीच्या आधी हाच उपचार सुचवला जातो. दिवसा पेंग इतकी असताना तुम्ही तो झोपेच्या डॉक्टरांच्या किंवा यातल्या मानसतज्ज्ञांच्या नजरेखाली केलात तर बरं.

गोळी. यजमानांची पाव गोळी आजपासून त्यांच्याचकडे राहू द्या. त्या प्रकारच्या गोळ्यांनी घशाचे स्नायू सैल पडतात, श्वास अडकला तरी जाग उशिरा येते. मास्क रात्री निघून पडणाऱ्या माणसाला तर ती आणखीच धोक्याची. ‘अधूनमधून’ म्हणजे खरं किती वेळा, हे डॉक्टरांना न लपवता सांगा. रोज घेणाऱ्यांनी मात्र ती एकदम बंद करू नये, डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू उतरवावी.

मास्क नकळत ओढून काढण्यावर एक उपाय चांगला चालतो. संध्याकाळी मालिका बघताना, पूर्ण जाग्या असताना, मशीन चालू करून मास्क लावून बसा. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास. चेहऱ्याला ते परकं वाटणं कमी झालं, की झोपेतला हातही तिकडे कमी जातो. नातवाला शेजारी बसवा, एकदा त्याच्या नाकाला हवा लागू द्या. गणपतीची त्याची गंमत फिटेल आणि तुमचा संकोचही. यजमानांना परत खोलीत बोलवायलाही हरकत नाही. चांगल्या मशीनचा आवाज पंख्यापेक्षा कमी असतो, सूं-सूं येते ती गळतीची, आणि ती मास्क नीट बसला की थांबते. तुमच्या आधीच्या घोरण्यापुढे ही सूं-सूं म्हणजे काहीच नाही, हे तेही कबूल करतील. उलट रात्री मास्क सुटला तर हलवून जागं करणारं कुणीतरी शेजारी असेल.

नणंदबाईंचं म्हणणं मी अगदी उडवून लावणार नाही. शंखाची गोष्ट तर खरीच आहे: जयपूरच्या डॉक्टरांनी तीस जणांवर केलेला एक छोटा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आठवड्यातून पाच दिवस शंख फुंकणाऱ्यांचं श्वास अडकणं तासाला चार-पाचने उतरलं. पण ते मध्यम त्रासाचे रुग्ण होते. तुमच्या ३४ मधून पाच गेले तरी २९ उरतात. वजनाचंही तसंच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या २००० सालच्या अभ्यासात वजन १० टक्के घटलं तेव्हा एएचआय सरासरी २६ टक्के उतरतो असं दिसलं. म्हणजे तुम्ही कसोशीने वजन उतरवलंत तरी ३४ चे साधारण २५ होतील. वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांपैकी टिर्झेपेटाइडला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत लठ्ठपणासोबतच्या ॲप्नियासाठी मान्यता मिळाली आहे, पण तो विषय तुमच्या डॉक्टरांचा. शंख फुंका, प्राणायाम करा, फिरा, ते सगळं मशीनच्या जोडीला. पुरेसं वजन उतरलं तर तपासणी परत करून मशीन सुटलेलेही लोक आहेत. ‘सवय लागेल’ या भीतीत मात्र तथ्य नाही. मशीन सोडलं तर एक-दोन रात्रींत ॲप्निया होता तसा परत येतो, म्हणून सवय लागल्यासारखं वाटतं. मशीनने नवीन काही दुखणं लावलेलं नसतं.

मास्क रात्रभर राहू लागला, झोप सलग झाली आणि तरी चार-सहा आठवड्यांनी थकवा तसाच असेल, तर मशीनला दोष न देता रक्त तपासा: थायरॉईड, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, साखर. शाकाहारी घरांत बी-१२ पुष्कळदा कमी निघतं. संध्याकाळी पायांत वळवळ होऊन ते हलवत राहावेसे वाटतात का, हेही आठवून बघा, त्याचं नातं बऱ्याचदा लोहाशी असतं. ब्लडप्रेशरची वही आतापासूनच ठेवा.

विजेचं जाता जाता. आपल्याकडे गुरुवारची वीज दिवसा जाते, तिची चिंता नाही. पण मे महिन्यात वळवाच्या रात्री इन्व्हर्टर लागतो. तो प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच वीज देणारा, आहे का, हे इलेक्ट्रिशियनला विचारा आणि त्यावर चालवताना ह्युमिडिफायर बंद ठेवा, बॅटरी बरीच जास्त टिकते.

हे सगळं एका रात्रीत करू नका. सगळंच एकदम बदललं तर गुण कशाचा आला ते कळत नाही. या आठवड्यात मास्क आडवं होऊन बसवणं, गुडगुडीचा बंदोबस्त आणि मालिकेतला सराव, एवढंच. पुढच्या आठवड्यापासून झोपेच्या वेळा. आणि डॉक्टरांची वेळ मात्र उद्याच फोन करून घ्या, ती मिळेपर्यंत तुमचा आठवड्याभराचा नवा रिपोर्टही कार्डावर जमा झालेला असेल. त्यांना विचारायचं ते कागदावर लिहून न्या: माझी प्रेशरची हद्द किती ठेवलीय, गळती किती आहे, श्वास थांबतो तो कुठल्या प्रकारचा, नाकावरचा मास्क मला चालेल का. नवा मास्क घ्यायची वेळ आली तर विक्रेत्याला आधी मापाचे दोन-तीन घरी वापरून बघायला मागा. मास्क बदलून देणारे विक्रेते आहेत, पण ते आपण होऊन सांगत नाहीत.

जाताना कार्ड, मास्क आणि गोळीची पट्टी सोबत घ्या. मशीनच आणा म्हणाले तर रिक्षात बसण्याआधी टाकीतलं पाणी ओतून टाका, नाहीतर ते आत मोटरमध्ये जातं.